विश्रांती घेणाऱ्या आणि आजारातून उठणाऱ्या व्यक्तीला काय भेट द्यावी? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोणाची शस्त्रक्रिया झाली, कोणी दीर्घ आजारातून उठत असले किंवा कोणाला डॉक्टरांनी सक्तीची विश्रांती सांगितली, की रिकाम्या हाताने जायला आपल्याला संकोच वाटतो. काय न्यावे हे मात्र पटकन सुचत नाही, आणि शेवटी वाटेत जे दिसेल ते उचलले जाते. अशा वेळी नेहमी पडणारे प्रश्न आणि त्यांची उत्तरे येथे दिली आहेत. पथ्य, औषधे आणि हालचालींवरील बंधने यांबाबत मात्र त्या रुग्णाच्या डॉक्टरांचा शब्द अखेरचा मानावा.

भेटवस्तू निवडताना सर्वांत आधी काय पाहावे?

ती वस्तू अंथरुणात पडल्या पडल्या, एका हाताने आणि कोणाला हाक न मारता वापरता येईल का, हे पाहावे. दुकानात आपण उभे असतो, आपले दोन्ही हात मोकळे असतात आणि डोळ्यांवर औषधांची झापड नसते, त्यामुळे तेथे सोयीची वाटलेली वस्तू उशाशी गेल्यावर अडचणीची ठरू शकते. माझ्या उजव्या मनगटाला प्लास्टर होते तेव्हा एका स्नेह्यांनी मला उत्तम प्रतीची स्टीलची बाटली आणून दिली होती. तिचे झाकण आट्यांचे होते. पहिल्याच रात्री मी ती दोन्ही गुडघ्यांत धरून डाव्या हाताने झाकण फिरवायला गेलो, ती निसटली आणि अर्धे अंथरूण भिजले. त्यानंतर प्लास्टर निघेपर्यंत ती कपाटावरून खाली आली नाही. शेजारच्या मुलाने दिलेली, अंगठ्याने टिचकी मारताच उघडणारी प्लास्टिकची बाटली मात्र मी दिवसरात्र वापरली. दोघांचा जिव्हाळा सारखाच होता, फरक फक्त झाकणाचा होता.

दुसरी गोष्ट म्हणजे त्या वस्तूमुळे घरात काम वाढते की कमी होते, हे तपासावे. ज्या भेटीला पाणी घालावे लागते, जी जोडून उभी करावी लागते, धुऊन परत करावी लागते किंवा जिच्यासाठी जागा करावी लागते, ती रुग्णाच्या नावाने आली तरी तिचा भार सुश्रूषा करणाऱ्या माणसावर पडतो. म्हणून निघण्यापूर्वी त्या माणसाला एक फोन करावा. ‘काय आणू?’ असे विचारले तर ‘काही नको’ हेच उत्तर मिळते. त्यापेक्षा कोणत्या कुशीवर झोपायला सांगितले आहे, कोणता हात मोकळा आहे, पथ्य काय आहे आणि सध्या कोणता वास सहन होत नाही, असे नेमके प्रश्न विचारले तर त्या उत्तरांतूनच भेट सुचते.

भेट रुग्णालयात न्यावी की रुग्ण घरी आल्यावर द्यावी?

शक्यतो घरी आल्यावर द्यावी. रुग्णालयात खाटेशेजारी एक लहान कपाट असते, आणि डिस्चार्जच्या दिवशी फाइल, औषधे व कपडे यांच्याबरोबर तुमची टोपलीही कोणाला तरी उचलावी लागते. शिवाय पहिल्या आठवड्यात भेटायला येणाऱ्यांची रीघ असते आणि तिसऱ्या आठवड्यात फोनही वाजत नाही. दुखणे पुरते गेलेले नसते, घरातील इतर मंडळी आपापल्या कामाला लागलेली असतात आणि दिवस संपता संपत नाही. लहानशी भेट त्या तिसऱ्या आठवड्यात पोहोचली, तर पहिल्या दिवशीच्या मोठ्या भेटीपेक्षा तिचा उपयोग अधिक होतो, असे माझे मत आहे.

रुग्णालयातच न्यायचे असेल, तर लांब वायरचा चार्जर ही सर्वांत उपयोगी वस्तू समजावी. विजेचा प्लग बहुधा खाटेच्या मागे किंवा भिंतीत उंचावर असतो, नेहमीची एक मीटरची वायर उशापर्यंत पोहोचत नाही आणि टाके असलेल्या माणसाला फोनसाठी वाकावे लागते. दोन-तीन मीटरची वायर हा प्रश्न सोडवते. तिच्याबरोबर ओठांना लावायचे बिनवासाचे मलम द्यावे, मात्र रुग्णाला प्राणवायू लावलेला असेल तर ते पेट्रोलियम जेलीचे नसावे, पाण्यावर आधारित असावे.

फुले न्यावीत का?

आधी विचारून न्यावीत. अतिदक्षता विभागात आणि भाजलेल्या रुग्णांच्या विभागात फुलांना सहसा मनाई असते. रक्तातील पांढऱ्या पेशी कमी झालेल्या किंवा अवयव प्रत्यारोपण झालेल्या रुग्णांजवळ ताजी फुले आणि कुंडीतील झाडे ठेवू देत नाहीत, कारण फुलदाणीतील पाण्यात जिवाणू वाढतात आणि कुंडीच्या मातीत ॲस्परजिलससारखी बुरशी असू शकते. निरोगी माणसाला जी बुरशी जाणवतही नाही, ती या रुग्णांच्या फुप्फुसांना घातक ठरू शकते. दमेकऱ्यांसाठी उग्र वासाची फुले टाळावीत. घरात मांजर असेल तर लिलीची फुले अजिबात नेऊ नयेत. लिलीचे पान, पराग किंवा फुलदाणीतील पाणी पोटात गेले तरी मांजराचे मूत्रपिंड निकामी होऊ शकते.

हिरवाईचा आजारी माणसाला उपयोग होतो याचा एक जुना दाखला मात्र आहे. रॉजर उल्रिच यांनी १९८४ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्या ४६ रुग्णांच्या नोंदी मांडल्या. त्यांपैकी २३ जणांना खिडकीतून झाडे दिसत होती आणि २३ जणांना विटांची भिंत. झाडे दिसणारे रुग्ण थोडे लवकर घरी गेले आणि त्यांना तीव्र वेदनाशामके कमी लागली. हा अभ्यास लहान होता आणि तो खिडकीचा होता, पुष्पगुच्छाचा नव्हे, हे लक्षात ठेवून त्यातून एवढेच घ्यावे, की गुच्छावर खर्च करण्याऐवजी अर्धा तास काढून रुग्णाचा पलंग खिडकीकडे वळवून देता आला तर तीही भेटच आहे.

खाण्याचे पदार्थ नेले तर चालतील का?

चालतील, पण याबाबतीत अंदाजाने काही करू नये, कारण निरुपद्रवी वाटणारी फळेही काही औषधांशी आणि आजारांशी जुळत नाहीत. ग्रेपफ्रूट हे पपनसासारखे लिंबूवर्गीय फळ त्याचे प्रसिद्ध उदाहरण आहे. आतड्यातील ज्या विकरामुळे (एन्झाइममुळे) काही औषधांचे विघटन होते, त्याला हे फळ अडवते. त्यामुळे कोलेस्टेरॉलवरील काही स्टॅटिन औषधे आणि रक्तदाबाच्या काही गोळ्या यांचे रक्तातील प्रमाण अपेक्षेपेक्षा वाढते. वॉरफेरिन हे रक्त पातळ ठेवणारे औषध घेणाऱ्यांना हिरव्या पालेभाज्यांचे प्रमाण एकसारखे ठेवण्यास सांगतात, कारण त्यांतील ‘के’ जीवनसत्त्व त्या औषधाच्या विरुद्ध काम करते. मूत्रपिंडाच्या रुग्णांच्या रक्तात पोटॅशियम साठू शकते, म्हणून केळी, संत्री आणि नारळपाणी हा सर्वांना ठाऊक असलेला आजारपणाचा खाऊ त्यांच्यासाठी योग्य असेलच असे नाही. कमरख (स्टारफ्रूट) हे फळ तर त्यांना विषासमान आहे. पक्षाघातानंतर गिळायला त्रास होणाऱ्या माणसाला पातळ पदार्थ देण्यापूर्वीही विचारावे लागते, कारण ते श्वासनलिकेत उतरण्याची भीती असते.

शिजवलेले जेवण नेणार असाल, तर ते परत न करावे लागणाऱ्या डब्यांतून, एका वेळेला पुरेल एवढ्या वाटण्या करून न्यावे आणि प्रत्येक डब्यावर पदार्थाचे नाव व तारीख लिहावी. शिजवलेले अन्न दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये जावे आणि तीन-चार दिवसांत संपावे. एकाच दिवशी चार घरांतून जेवण येते आणि पुढचे चार दिवस कोणीच देत नाही, असे वारंवार होते. म्हणून मित्रमंडळींनी आपसांत वार वाटून घ्यावेत.

वाकणाऱ्या नळीचा पेला द्यावा असे अनेकजण सुचवतात. तो खरेच उपयोगी असतो का?

होय. डोके उशीवरून न उचलता पाणी पिता येणे ही मोठी सोय आहे. वाकणारी नळी सॅन फ्रान्सिस्कोच्या जोसेफ फ्रीडमन यांनी लहान मुलीची उंच पेल्यातून पिताना होणारी धडपड पाहून शोधली. तिचे पेटंट १९३७ चे आहे आणि तिची पहिली विक्री १९४७ साली एका रुग्णालयाला झाली. पडून असलेल्या रुग्णाच्या तोंडापर्यंत सरळ नळी नीट पोहोचत नाही, ही अडचण परिचारिकांना रोजच भेडसावत असणार.

दोन प्रसंगी मात्र नळी देऊ नये. दाढ काढल्यानंतर काही दिवस नळीने ओढून प्यायला मनाई असते, कारण ओढण्याच्या जोराने जखमेतील रक्ताची गाठ सुटून तीव्र वेदना सुरू होऊ शकतात. गिळण्याचा त्रास असलेल्यांनीही तज्ज्ञांना विचारल्याशिवाय नळी वापरू नये.

शस्त्रक्रिया झालेल्या व्यक्तीला नेमके काय उपयोगी पडते?

ते कोठे टाके आहेत यावर अवलंबून आहे, आणि हे उत्तर थोडे लांबणार आहे.

खांद्याची, छातीची किंवा स्तनाची शस्त्रक्रिया झाली असेल, तर हात डोक्यावर नेणे कठीण असते. अशा वेळी गळ्यातून घालायचे कपडे कितीही मऊ असले तरी घालता येत नाहीत. पुढून उघडणारे, सैल बाह्यांचे सुती कपडे द्यावेत, आणि बटणांऐवजी वेल्क्रोची पट्टी असेल तर अधिक चांगले. स्तनाच्या शस्त्रक्रियेनंतर काही दिवस जखमेतील द्रव काढणारी नळी आणि तिची पिशवी अंगाला असते. ती ठेवायला आतून खिसे शिवलेला सदरा मिळाला तर हिंडताना एक हात मोकळा होतो. शिवण येणाऱ्याने घरातल्या साध्या सदऱ्याला असे दोन खिसे शिवून दिले तरी काम भागते.

छातीच्या मधल्या हाडातून केलेल्या हृदयशस्त्रक्रियेनंतर किंवा पोटाच्या मोठ्या शस्त्रक्रियेनंतर खोकला आला तरी जीव घाबरा होतो. खोकताना, शिंकताना आणि अंथरुणातून उठताना छातीशी किंवा पोटाशी घट्ट धरायची लहान उशी टाक्यांना आधार देते. बऱ्याच रुग्णालयांत अशी उशी देतातही, पण घरी दुसरी असली तर एक धुवायला टाकता येते. या रुग्णांना काही आठवडे जड उचलण्याची मनाई असते, त्यामुळे फळांची भरगच्च टोपली दारात ठेवून निघून जाऊ नये.

खुब्याचा सांधा बदलल्यावर अनेक शल्यचिकित्सक काही आठवडे कमरेत ९० अंशांपेक्षा जास्त वाकू नका असे बजावतात. मग खाली पडलेला चष्मा उचलणे, मोजे चढवणे किंवा बूट घालणे यांतले काहीच जमत नाही. लांब दांड्याचा चिमटा, लांब दांड्याचा शूहॉर्न आणि मोजे चढवण्याचे साधन या तीन वस्तू दिसायला रुक्ष आहेत, पण त्या मिळाल्यावर माणूस दर दहा मिनिटांनी हाक मारणे थांबवतो, आणि त्याच्या चेहऱ्यावरचा आनंद पाहण्यासारखा असतो. वॉकर वापरणाऱ्यासाठी वॉकरच्या दांडीला अडकवायची कापडी पिशवी द्यावी. दोन्ही हात वॉकरवर असल्याने फोन, चष्मा आणि रुमाल एका खोलीतून दुसऱ्या खोलीत नेणे हाच मोठा प्रश्न असतो. लहान गालिचे आणि मागून उघड्या सपाता या दोन वस्तू टाळाव्यात, कारण त्यांच्यामुळे पाय अडकून पडण्याचा धोका असतो. टाच झाकणाऱ्या, न घसरणाऱ्या तळव्याच्या चपला द्याव्यात.

सर्वांत वेगळी गरज रेटिनाच्या, म्हणजे डोळ्याच्या आतील पडद्याच्या, काही शस्त्रक्रियांनंतर निर्माण होते. डोळ्यात वायूचा बुडबुडा सोडलेला असतो आणि तो रेटिनावर नीट टेकावा म्हणून काही रुग्णांना अनेक दिवस मान खाली घालून राहण्यास सांगतात. या माणसाला समोरचे काहीच दिसत नाही. पालथे झोपण्यासाठी मध्ये पोकळी असलेली उशी, मान वर न करता पिता येणारी नळी आणि ऐकण्यासारखी पुस्तके यांनी ते दिवस सुसह्य होतात. तो बुडबुडा विरेपर्यंत विमानप्रवासास मनाई असते, म्हणून हवापालटासाठी दूरची तिकिटे काढून त्यांना चकित करू नये.

गरम पाण्याची पिशवी, जाड पांघरूण किंवा वजनदार ब्लँकेट यांपैकी काय द्यावे?

हलके पांघरूण द्यावे. मऊ, अंगावर भार न टाकणारे आणि यंत्रात धुता येणारे पांघरूण जवळजवळ सर्वांना चालते. खुर्चीत बसलेल्या माणसाच्या गुडघ्यांपुरते असले तरी पुरते, उलट ते जमिनीवर लोळत नाही हे बरे.

गरम पाण्याच्या पिशवीबद्दल थोडे जपून बोलावे लागते. मधुमेहामुळे पावलांची संवेदना कमी झालेल्या किंवा भूल पुरती न उतरलेल्या माणसाला चटका बसत असल्याचे कळत नाही, आणि उठलेला फोड सकाळी दिसतो. ताज्या टाक्यांवरही डॉक्टरांना विचारल्याशिवाय शेक घेऊ नये. पिशवी द्यायचीच असेल तर ती जाड कापडी खोळीसह द्यावी आणि उकळते पाणी न घालता गरम पाणी दोन-तृतीयांशच भरावे, असे सोबत लिहून द्यावे. घरातली जुनी, कडक झालेली रबरी पिशवी कोणालाही देऊ नये.

वजनदार ब्लँकेटमुळे काहींना शांत झोप लागते. त्याचे वजन साधारणपणे शरीराच्या वजनाच्या एक-दशांश असावे असे सांगतात, म्हणजे साठ किलोच्या माणसासाठी ते सहा किलो होते. एवढा भार टाके असलेल्या, श्वासाचा त्रास असलेल्या किंवा तो स्वतःच्या हाताने बाजूला करू न शकणाऱ्या माणसावर टाकू नये.

सुगंधी मेणबत्त्या, तेले आणि अत्तरे?

नकोत. आजारपणात आणि विशेषतः केमोथेरपीच्या काळात वास फार तीव्र जाणवतात, आणि कालपर्यंत आवडणाऱ्या सुगंधानेही मळमळते. ज्या घरात रुग्णाला प्राणवायू लावलेला आहे तेथे मेणबत्तीच काय, कोणतीही ज्योत आणणे धोक्याचे आहे. भेटायला जाणाऱ्यानेही त्या दिवशी अत्तर लावू नये.

वेळ घालवण्यासाठी पुस्तके आणि कोडी द्यावीत का?

द्यावीत, पण जाडजूड पुस्तक आडवे पडून छातीवर धरता येत नाही आणि वेदनाशामकांच्या गुंगीत दहा ओळींपलीकडे लक्ष लागत नाही. ज्या पुस्तकाचे पान कोठेही उघडता येते, ज्यात एकेक दोन पानी मजकूर आहे आणि जे एका हातात मावते, ते निवडावे. ऐकण्याची पुस्तके त्याहून बरी, कारण डोळे मिटूनही ती चालू राहतात. मात्र रुग्णाच्या फोनवर ती उतरवून, लावून आणि बंद कशी करायची ते दाखवूनच निघावे. नुसता दुवा पाठवला तर तो तसाच पडून राहतो.

डोक्याला मार बसून मेंदूला हादरा बसलेला असेल, तर पहिले एक-दोन दिवस फोन-टीव्हीच्या पडद्याकडे पाहणे कमी ठेवायला सांगतात आणि ताण देणारे वाचन किंवा कोडी यांनीही डोकेदुखी वाढू शकते. त्यांना काही दिवस काहीच नेऊ नये. विणकाम, रंगकाम, हजार तुकड्यांची चित्रकोडी या गोष्टी आधीपासून आवड असलेल्यांनाच द्याव्यात. अर्धवट राहिलेले विणकाम रोज समोर दिसले की आपण आजारी आहोत याचीच आठवण होते.

झोप नीट लागत नाही अशी तक्रार असेल तर?

जागतिक आरोग्य संघटनेच्या १९९९ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार रुग्णालयाच्या खोलीत रात्री सरासरी आवाज ३० डेसिबलच्या आत असावा. हे साधारण कुजबुजीएवढे झाले. उपकरणांचे बीप, ट्रॉलीची चाके आणि शेजारच्या खाटेवरचे बोलणे यांमुळे तेवढी शांतता क्वचितच लाभते. मऊ कानबोळे आणि डोळ्यांवर न दाबणारी, पापण्यांपाशी खोलगट असलेली पट्टी ही स्वस्त आणि हमखास वापरली जाणारी जोडी आहे. डोळ्यांची शस्त्रक्रिया झाली असेल तर पट्टी वगळावी. घरी परतलेल्यांसाठी उशाशी ठेवायचा, हात लावताच लागणारा मंद पिवळा दिवा उपयोगी पडतो. रात्री उठताना अंधारात चाचपडणे त्याने टळते.

हृदयाला पेसमेकर बसवलेल्या व्यक्तीला काय देऊ नये?

चुंबक असलेल्या वस्तू जपून द्याव्यात. चुंबकी कडी, चुंबकाने बंद होणारी छातीवरची पिशवी, बिनवायरी इअरफोनची डबी आणि काही नव्या फोनमधील चुंबक यांमुळे उपकरणाचे काम तात्पुरते बदलू शकते. अशा वस्तू उपकरणापासून किमान १५ सेंटिमीटर दूर ठेवाव्यात, म्हणजेच त्या छातीवरच्या खिशात ठेवू नयेत.

कर्करोगावर उपचार चालू असलेल्या व्यक्तीसाठी काय योग्य?

केस गळाल्यावर डोके गार पडते, हे बऱ्याच जणांच्या ध्यानात येत नाही. आतून शिवण टोचणार नाही अशी मऊ सुती टोपी, विशेषतः रात्री झोपताना घालण्याची, मनापासून वापरली जाते. तोंड आले असेल तर अतिशय मऊ केसांचा दात घासण्याचा ब्रश द्यावा. तोंडाला धातूची चव येत असेल तर लाकडी किंवा प्लास्टिकचे चमचे बरे वाटतात. ऑक्सॅलिप्लॅटिन हे औषध चालू असताना गार वस्तूला हात लागला तरी बोटांत मुंग्या येतात आणि गार पाण्याने घसा आवळल्यासारखा होतो. त्यांना थंड राहणारा धातूचा पेला देण्याऐवजी हातमोजे आणि उबदार मोजे द्यावेत. त्वचेसाठी द्यायचे असेल तर बिनवासाचेच मलम न्यावे, आणि किरणोपचार चालू असलेल्या भागावर ते लावू का हे त्यांनी डॉक्टरांना विचारावे.

वनौषधींच्या गोळ्या, काढे आणि ‘प्रतिकारशक्ती वाढवणारी’ चूर्णे कोणत्याही आजारात भेट म्हणून नेऊ नयेत. सेंट जॉन्स वर्टसारखी वनस्पती अनेक औषधांचा परिणाम कमी करते. ‘नैसर्गिक’ असा शिक्का वेष्टनावर असला म्हणून ती निर्धोक होत नाही.

बाळंतिणीला काय द्यावे?

येणारी प्रत्येक भेट बाळासाठी असते, म्हणून तुमची आईसाठी असावी. पुढून उघडणारे सैल कपडे, बाळाला पाजताना कोपराखाली घ्यायची उशी आणि सिझेरियन झाले असेल तर टाक्यांवर न घासणारे, कमरेच्या वरून घालायचे मऊ कपडे द्यावेत. मध असलेले काही नेले तर एक वर्षाखालील बाळाला मध चाटवायचा नसतो, हे आवर्जून सांगावे. त्यातून बाळाला बॉट्युलिझम हा गंभीर आजार होऊ शकतो. याहून मोठी भेट म्हणजे दोन तास बाळाला सांभाळून तिला झोपू देणे.

लहान मूल आजारी असेल तर?

एक मोठे खेळणे देण्यापेक्षा पाच-सात लहान वस्तू वेगवेगळ्या कागदात गुंडाळून, त्यांवर वार लिहून द्याव्यात आणि रोज एकच उघडायची असे ठरवून टाकावे. उद्याचे पुडके हा मुलासाठी औषध घेण्याचा मोठा मोबदला असतो. मऊ खेळणी धुता येणारी असावीत. हाताला किंवा पायाला प्लास्टर असेल तर मणी, नाणी आणि पेन्सिली देऊ नयेत. खाज सुटली की मुले त्या आत सारतात आणि आत अडकलेली वस्तू त्वचेला जखम करते. रबरी फुगे अनेक रुग्णालयांत चालत नाहीत, कारण काहींना लॅटेक्सची ॲलर्जी असते. त्या घरात दुसरे मूल असेल तर त्यालाही काहीतरी न्यावे, कारण बरेच दिवस त्याच्याकडे कोणी पाहिलेले नसते.

नैराश्य किंवा दीर्घकाळ चालणारा आजार असेल तर?

आनंदी राहण्याचे उपाय सांगणारी पुस्तके देऊ नयेत. त्यांतून तुम्ही पुरेसा प्रयत्न करत नाही असा अर्थ निघतो. जो आजार जन्मभर राहणार आहे, तेथे ‘लवकर बरे व्हा’ हे शब्दही बोचतात. कोणतीही अपेक्षा न ठेवणारी आणि पुन्हा पुन्हा पोहोचणारी लहान गोष्ट येथे योग्य ठरते. दर पंधरवड्याला टाकलेले एक पत्र, ठरलेल्या वारी सोबतीने मारलेली फेरी किंवा शेजारी बसून न बोलता पाहिलेला सामना, यांतले काहीही चालेल.

सोबतच्या चिठ्ठीत काय लिहावे?

दोन-तीन वाक्ये पुरतात. ‘काही लागले तर सांगा’ हे वाक्य लिहिणाऱ्याला मोकळे करते, पण वाचणाऱ्यावर काय मागावे हे ठरवण्याचे काम सोपवते. त्याऐवजी नेमके लिहावे. ‘मावशी, बुधवारी सकाळी अकरा वाजता मी येते, औषधे आणून ठेवते आणि लगेच निघते. नको असेल तर फक्त नाही एवढे कळवा,’ यात मदतही आहे आणि नकार देण्याची सोयही आहे. ‘उत्तर पाठवण्याची गरज नाही’ हे एक वाक्य शेवटी जरूर लिहावे; आभारांचे वीस निरोप टंकत बसणे हे दुखणेकऱ्याचे एक छुपे काम असते. दुसऱ्या कोणाला हाच आजार होऊन काय झाले, ही हकिकत चिठ्ठीत आणि गप्पांतही टाळावी.

वस्तू न देता काही करता येईल का?

बहुतेक वेळा तेच अधिक उपयोगी ठरते. पुढच्या तपासणीला गाडीने नेऊन आणणे, विम्याचे कागद लावून देणे, कुत्र्याला फिरवून आणणे, साचलेले कपडे धुऊन देणे किंवा औषधांच्या वेळांचा मोठ्या अक्षरांतला तक्ता करून भिंतीवर लावणे यांतले एखादे काम अंगावर घ्यावे. सुश्रूषा करणाऱ्याला एक दुपार सुट्टी देणे हीदेखील रुग्णालाच दिलेली भेट असते, कारण आपल्यामुळे घरातील माणूस थकत आहे ही बोच बहुतेक रुग्णांना असते. भेटायला गेल्यावर हात धुऊन बसावे, पंधरा-वीस मिनिटांत उठावे, आणि साधी सर्दी असली तरी त्या दिवशी जाऊ नये.

आपण दिलेली वस्तू त्यांनी वापरलीच नाही तर विचारावे का?

विचारू नये. वस्तूबरोबर बिल ठेवावे आणि ‘नको असेल तर बदलून घ्या’ एवढे देतानाच सांगावे. पुढच्या वेळी जाल तेव्हा उशाजवळच्या टेबलावर नजर टाकावी. रोज वापरल्या जाणाऱ्या वस्तू तेथेच, हाताच्या टप्प्यात ठेवलेल्या असतात, आणि दुसरी भेट काय न्यावी हे त्या पाहूनच कळते.